नेत्यांना मिळालेल्या भेटी घरी जातात का? बडोद्यातून एक लांबलचक उत्तर

प्रश्न असा आलाय: "ताई, पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष एकमेकांना एवढ्या महागड्या वस्तू देतात, त्या नंतर ते घरी नेतात का? आणि सरकारी पैशाने हे लाड कशाला?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही नेत, निदान कायद्याने तरी नाही. दुसऱ्याला वेळ लागेल.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे हे सगळं कुठून बोलतेय ते कळेल. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, एम.एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकले (हा विषय भारतात पहिल्यांदा इथेच सुरू झाला, 1952 साली, एवढा अभिमान चालवून घ्या) आणि पुढचं सगळं आयुष्य वस्तूंच्या नोंदी करण्यात गेलं. संस्थानी संग्रह, सरकारी संग्रह, खाजगी घराणी. नजराणे, मानपत्रांच्या चांदीच्या नळ्या, तलवारी, अत्तरदाण्या, सगळं हाताखालून गेलं. नंतर नंतर उलट बाजूचं कामही यायला लागलं, म्हणजे पाहुण्यांना द्यायला हस्तकलेची वस्तू निवडून द्या, तिची माहिती लिहून द्या, पेटी कशी करायची ते सांगा. त्यामुळे भेट निघते तिथलीही थोडी माहिती आहे आणि पोचून धूळ खाते तिथली तर भरपूरच.

आधी कायद्याचं उरकते. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयात तोशाखाना आहे, म्हणजे भेटवस्तूंचं सरकारी कोठार. 1978 सालच्या नियमांप्रमाणे परदेशातून मिळालेली भेट 30 दिवसांच्या आत तिथे जमा करायची, मग इथल्या बाजारभावाने तिची किंमत काढतात, आणि अनेक वर्षं चालत आलेली मर्यादा म्हणजे 5,000 रुपये, तिच्या आतलं असेल तर ज्याला मिळालं त्याला परत, वरचं असेल तर फरक भरून घ्या नाहीतर ते सरकारचं. मंत्रालय याद्याही जाहीर करतं, कोणाला काय मिळालं आणि किंमत काय धरली. त्या याद्या एकदा वाचून बघा, सगळा रुबाब उतरतो. शाली, पेनसेट, घड्याळं, चहाचे सेट, फोटोफ्रेम. आपल्याला वाटतं हिरे-माणकं चाललीयेत.

अमेरिकेचं जास्त गमतीशीर आहे कारण त्यांनी हे थेट राज्यघटनेतच घातलंय, संसदेच्या परवानगीशिवाय कुठल्याही राजाकडून किंवा परदेशी सरकारकडून भेट घ्यायची नाही. आणि त्यामागे खरा किस्सा आहे. बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये त्यांचा वकील म्हणजे राजदूत होता, 1785 मध्ये परत निघाला तेव्हा सोळाव्या लुईने त्याला स्वतःचं छोटं चित्र दिलं, भोवती 408 हिरे. आता राजाने निरोपाची भेट दिली तर नाही कसं म्हणणार, आणि घेतली तर घरचे म्हणणार की माणूस फ्रान्सने विकत घेतला. शेवटी संसदेपुढे ठेवून परवानगीने ती त्याच्याकडे राहिली. मृत्युपत्रात त्याने मुलीला ते चित्र दिलं आणि वर लिहिलं की यातले हिरे काढून दागिने करायचे नाहीत. मुलीने पुढे त्यातले काही विकले, ते वेगळं.

आज तिथे 1966 चा कायदा चालतो आणि किंमतीची मर्यादा दर तीन वर्षांनी बदलतात, 2023 मध्ये ती 480 डॉलर केली होती. वर्षाची यादी सरकारी राजपत्रात छापतात आणि त्यात एक रकाना असतो की ही भेट का स्वीकारली. जवळजवळ प्रत्येक ओळीत तेच वाक्य, की नाकारली असती तर देणाऱ्याची आणि अमेरिकन सरकारची पंचाईत झाली असती. गालिचा असो, खंजीर असो, ऑलिव्ह तेलाची बाटली असो, कारण एकच. मला त्या रकान्याचं फार कौतुक आहे, कुठल्यातरी कारकुनाने एकदा कायमचं सत्य लिहून टाकलं आणि मग पुढच्यांनी नुसतं कॉपी केलं. ब्रिटनमध्ये मंत्र्यांसाठी 140 पौंडांची मर्यादा आहे, त्याच्या वरचं खात्याकडे जातं, हवं असेल तर जादाचे पैसे भरून घ्या.

आणि पाकिस्तानात तर याच तोशाखान्यातल्या भेटींवरून माजी पंतप्रधान इम्रान खान यांच्यावर खटले चालले, 2023 मध्ये एकात शिक्षाही झाली (ती पुढे स्थगित झाली). म्हणजे वस्तू घड्याळ असली तरी प्रकरण घड्याळाएवढं राहत नाही.

हा तोशाखाना तसा नवा नाही, मोगलांपासूनचा आहे, पण आज जो "जमा करा, नोंद करा" प्रकार दिसतो त्याची मुळं कंपनीच्या काळात आहेत. कंपनीचे साहेब लोक नवाबांकडून एवढं खायचे की 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टने भेटी घेण्यावर बंदीच घातली. पण दरबारात गेलं की नजराणा येणारच, परत केला तर अपमान. मग तोड काढली, घ्यायचं, तोशाखान्यात जमा करायचं, आणि पुढच्या दरबारात दुसऱ्या राजाला देताना तिथूनच काढायचं. लग्नकार्यात ओटीतला ब्लाऊजपीस जसा या घरून त्या घरी फिरत राहतो आणि शिवत कोणीच नाही, तसलाच कारभार. त्यामुळे जुन्या संस्थानी संग्रहात एखादी तलवार दिसली आणि लोक म्हणाले की "ही अमक्या गव्हर्नरने खास आमच्या पणजोबांसाठी करवून घेतली होती" तर मी हसून मान हलवते आणि आधी कागद मागते. कागद असेल तर ठीक. नसेल तर ती तलवार मुळात शेजारच्याच राजाची असायची शक्यता असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, देतातच कशाला.

याचं सगळ्यात भारी उदाहरण माझ्या मते आपल्या अगदी शेजारचं आहे, चांपानेरचं. बडोद्याहून पावागडला जाताना जे पडके दरवाजे नि मशिदी दिसतात ना, ती गुजरातच्या सुलतानांची राजधानी. 1514 मध्ये तिथे दुसरा मुझफ्फरशाह होता आणि गोव्यात पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकर्क. अल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता, त्याने वकील पाठवले, सोबत भेटी पाठवल्या. सुलतानाने किल्ल्याला साफ नकार दिला. पण वकिलांना रिकाम्या हाताने परत पाठवलं तर भांडण, आणि समुद्रात पोर्तुगीज बलवान. म्हणून काय दिलं, तर गेंडा. जिवंत गेंडा! आता अल्बुकर्क गेंड्याचं करणार काय, त्याने तो जहाजावर चढवून लिस्बनला राजा मॅन्युएलकडे रवाना केला. मे 1515 मध्ये तो तिथे उतरला, रोमन काळानंतर युरोपात गेंडा कोणी बघितला नव्हता, राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला. पण राजाला पोपची मर्जी हवी होती, पूर्वेकडच्या मुलखावरचे हक्क त्याच्याकडून पक्के करून घ्यायचे होते, म्हणून त्याने तोच गेंडा पुन्हा बांधला आणि रोमला पोप दहाव्या लिओकडे पाठवला. त्याआधी 1514 मध्ये हत्ती पाठवला होता, तो पोपला फार आवडला होता. वाटेत 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळदंडात अडकलेला गेंडाही गेला.

मध्ये जर्मनीत ड्युरर नावाच्या चित्रकाराने नुसतं पत्रातलं वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन बघून त्याचं चित्र छापलं, स्वतः गेंडा कधी बघितला नाही, त्यामुळे अंगावर चिलखत घातल्यासारखी पानं आणि पाठीवर एक जादा छोटं शिंग. पुढची दोनअडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तोच माहीत.

यात आता किंमत कुठे बसवणार सांगा. सुलतानासाठी गेंडा म्हणजे "नाही" म्हणायची गोड पद्धत होती. अल्बुकर्कसाठी, मोहीम फसली हे राजाला सांगताना सोबत काहीतरी भव्य असावं म्हणून. राजासाठी, पोपकडे अर्ज करताना जोडायचा कागद. एकच जनावर, तीन वेळा भेट म्हणून गेलं आणि तीन वेळा वेगळं बोललं. मी विद्यार्थ्यांना हेच सांगते की भेट म्हणजे तोंडाने न बोललेली बोलणी आहेत, वस्तूकडे नंतर बघा, आधी बघा की त्या वेळी टेबलावर काय मागणं होतं आणि ते मान्य झालं की फेटाळलं गेलं.

आणि न दिलेली भेटही बोलते. 12 मे 1666, आग्रा. हा प्रसंग आपल्या पोराटोरांना पाठ असतो, पण दरबारच्या पद्धतीच्या नजरेने बघा. महाराजांनी नजर पेश केली, पद्धतीप्रमाणे समोरून काहीतरी मानाचं यायला हवं होतं. औरंगजेबाचा वाढदिवस, खिलतीचे पोशाख वाटले गेले, शहजाद्यांना मिळाले, वजीर जाफरखानाला मिळाला, जसवंतसिंगाला मिळाला, महाराजांना नाही. त्या दरबारात कापड कोणाच्या अंगावर चढतं त्यावर माणसाची जागा ठरायची, म्हणजे तो अपमान भर सभेत वाचून दाखवल्यासारखाच होता. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. आणि आठ वर्षांनी रायगडावर उलटं चित्र, राज्याभिषेकाला इंग्रजांचा हेन्री ऑक्झेंडन आलाय, लांब उभा आहे, आणि महाराजांना दिसावी म्हणून त्याचा दुभाष्या नारायण शेणवी नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात वर करून दाखवतोय. ऑक्झेंडनने स्वतःच हे लिहून ठेवलंय. कंपनीला मराठी मुलखात व्यापाराच्या सवलती हव्या होत्या, राजापूरच्या लुटीची भरपाई हवी होती, म्हणून अंगठी वर. हे असं वाचायचं असतं.

चीनमध्ये तर इंग्रजांचं अजून वाईट झालं. 1793 मध्ये मॅकार्टनी जहाजं भरभरून भेटी घेऊन गेला, तारांगणाचं यंत्र, दुर्बिणी, घड्याळं, तोफा, घोडागाडी, कल्पना ही की आमचं विज्ञान बघून सम्राट व्यापार उघडेल. चियानलुंग सम्राटाने उत्तर दिलं की तुमच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही, आणि भेटींना खंडणी म्हणून दाखल करून घेतलं. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हा त्यातल्या तोफा न वापरलेल्या तशाच सापडल्या. देणारा म्हणतो भेट, घेणारा वहीत लिहितो खंडणी. म्हणून वही कोणाची हे आधी बघायचं, मी तर म्हणेन शक्यतो दोन्ही बाजूंच्या वह्या बघितल्याशिवाय तोंडच उघडू नये.

बडोद्यात राहून गायकवाडांबद्दल नाही बोलले तर लोक मांडवीतून जाऊ देणार नाहीत. 1875 हे वर्ष बघा. एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं, मे महिन्यात बारा वर्षांच्या सयाजीरावांना दत्तक घेऊन बसवलं, आणि नोव्हेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला उतरून लगेच बडोद्याला हजर. त्या संस्थानाची अवस्था काय असेल विचार करा, आणि त्या अवस्थेत पाहुणचार करायचा, आगडात म्हणजे झुंजीच्या मैदानात झुंजी दाखवायच्या, भेटी द्यायच्या. त्या दौऱ्यात हिंदुस्थानभरच्या राजांनी त्याला जे दिलं, शस्त्रं, मुलामा केलेली भांडी, दागिने, ते 1876 मध्ये लंडनला प्रदर्शनात मांडलं गेलं आणि तो संग्रह आजही ब्रिटिश राजघराण्याकडेच आहे. तिथल्या लोकांनी ते "हिंदी कारागिरी" म्हणून बघितलं. दिलं होतं मात्र गादी टिकावी म्हणून, निदान आमच्याकडच्या भेटींमागे तरी मला दुसरं काही दिसत नाही.

आणि त्याच घराण्यातली एक न पोचलेली भेट, मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराजांनी 1865 च्या आसपास करवून घेतला, बसऱ्याचे बारीक मोती लाखोंनी, मध्ये हिरे, पाचू, माणकं, नीलम. सांगितलं असं जातं की मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर चढवायचा होता. हिंदू महाराज, मराठा घराणं, मदिनेला भेट! 1870 मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे 1902-03 च्या दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांनी तो बघितला, आणि 2009 मध्ये दोह्याला सदबीजच्या लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला गेला. पोचला असता तर त्यावर लिलावाचा हातोडा पडला नसता बहुतेक. आम्ही बडोदेकर अजून हळहळतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दिलेली भेट परत मागता येत नाही आणि न दिलेल्या भेटीवर हक्क सांगता येत नाही, ती घरची मालमत्ताच.

आता आजची निवड कशी होते. लोकांना वाटतं की कोणीतरी बाबू एम्पोरियममध्ये जाऊन सगळ्यात महागडं उचलतो. तसं नसतं (कधीकधी असतंही, मी बघितलंय, प्लास्टिकच्या डब्यात घातलेला पितळी हत्ती, जाऊ दे). चांगलं काम बघायचं असेल तर नोव्हेंबर 2022 ची बालीची जी-20 बघा, तेव्हा आपल्या बाजूने दिलेल्या बऱ्याच भेटी गुजरातच्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना पिठोरा चित्र, छोटा उदेपूरच्या राठवा लोकांचं, हे छोटा उदेपूर 2013 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. इटलीच्या पंतप्रधानांना पाटणच्या पटोळ्याची ओढणी, ब्रिटनच्या पंतप्रधानांना अहमदाबादची माता नी पछेडी, फ्रान्स-जर्मनी-सिंगापूरला अकीकचे वाडगे, इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांना सुरतचा चांदीचा वाडगा.

पिठोरा ऑस्ट्रेलियालाच का? कारण तिथल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं आणि पिठोऱ्याचे ठिपके यांचं साम्य दिसतं, सरकारी माहितीतही तेच सांगितलं होतं. म्हणजे तुमच्याकडे मूळ रहिवाशांची कला, आमच्याकडेही. एका चित्रात केवढं बोलून झालं, आणि तेही दोन्ही देशांना आपापल्या आदिवासींबद्दल जे बोलायला जड जातं ते बाजूला ठेवून. याला म्हणतात निवड.

पण माझी एक कुरकुर आहे. पिठोरा हे मुळात भिंतीवरचं नवसाचं काम, कुमारिकांनी शेण-मातीने भिंत सारवायची, वर पांढरा हात द्यायचा, लखारांनी (म्हणजे पिठोरा काढणाऱ्यांनी) दुधात नि मोहाच्या दारूत कालवलेल्या रंगांनी घोडे काढायचे, बडवा म्हणजे त्यांचा पुजारी येऊन बघतो की देव बरोबर बसलेत का, मगच ते पूर्ण. ते कॅनव्हासवर उतरवून फ्रेम केलं की त्यातलं व्रत गळतं, उरते ती सजावट. याचा अर्थ देऊ नये असा नाही, कारागिराला काम मिळतं, नाव मिळतं. फक्त सोबतच्या कार्डावर "पारंपरिक आदिवासी चित्र" एवढ्या दोन-तीन शब्दांत उरकू नका, भिंत, नवस, बडवा सगळं लिहा. पछेडीचंही तसंच, देवळात प्रवेश नव्हता म्हणून त्या समाजाने कापडावरच देवीचं देऊळ उभं केलं, ही गोष्ट कापडाहून मोठी आहे. आमचं निम्मं काम खरंतर ते कार्ड लिहिणं. पाहुणा वस्तू दोन मिनिटं बघतो, पण कार्ड वस्तूबरोबर पेटीत राहतं आणि पन्नास वर्षांनी माझ्यासारखी कोणीतरी पेटी उघडते तेव्हा तेवढंच हाताशी असतं.

सुरतेचा हिरा आठवतोय? जून 2023, जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा दिला. अमेरिकन यादीत त्याची किंमत 20,000 डॉलर लावली आणि त्या वर्षी बायडन कुटुंबाला मिळालेल्यात ती सगळ्यात महागडी भेट ठरली, लगेच बातम्या, एवढा महागडा हिरा! अहो, तेवढ्या वजनाचा खाणीतला चांगला हिरा त्याच्या कितीतरी पट पडला असता. त्या हिऱ्याचं म्हणणं होतं की सुरत आता हेही करते, सौर आणि पवन ऊर्जेवर करते, आणि अमेरिका मोठं गिऱ्हाईक आहे. सरळ सरळ सॅम्पल आहे ते, धंद्याच्या गावची भेट. मला तरी त्यात वाईट काही दिसत नाही. आणि घरी गेला का, तर नाही, व्हाइट हाउसच्या तेव्हाच्या पूर्व विभागात सरकारी वापरासाठी ठेवल्याची नोंद त्या यादीत आहे.

द्यायच्या वस्तूचे व्यावहारिक नियम फार रुक्ष आहेत, पटकन सांगते. विमानात हातात नेता येईल एवढं वजन, काच शक्यतो नको, हस्तिदंत तर विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे आणि आंतरराष्ट्रीय करारामुळे जुने हस्तिदंती नजराणे नुसते प्रदर्शनासाठी परदेशी न्यायचे तरी कागदांचा डोंगर होतो. लाकूड असेल तर कीड नाही याचा दाखला. धर्म, खाणं-पिणं, कातडं बघायचं. खायची वस्तू दिली तर ती बहुतेक पोटात जाणारच नाही हे गृहीत धरायचं, अमेरिकेत तर खाण्याच्या भेटी राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाच्या नियमाने निकालात काढतात, तुम्ही जगदीशचा लिलो चिवडो कितीही प्रेमाने पाठवा.

किडीचं हसण्यावारी नेऊ नका. वॉशिंग्टनची चेरीची झाडं जपानची भेट हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती दुसरी खेप आहे. पहिली 2,000 झाडं 1910 मध्ये आली ती किडीने भरलेली निघाली आणि राष्ट्राध्यक्षांच्या परवानगीने जाळावी लागली. दुसऱ्या देशाची भेट जाळायची! दोन्हीकडच्या परराष्ट्र खात्यांनी फार सांभाळून पत्रं लिहिली, जपानने राग न धरता 1912 मध्ये 3,020 नवीन झाडं पाठवली, अमेरिकेने 1915 मध्ये डॉगवुडची झाडं परत भेट दिली. माझ्या लेखी पहिल्या खेपेचं प्रकरण ज्या सभ्यतेने मिटवलं तीच खरी मोठी भेट, फुलं काय, येतातच.

आणि वस्तूच्या पोटात काय आहे तेही बघावं लागतं. ऑगस्ट 1945, मॉस्को, शाळकरी पोरांनी अमेरिकन राजदूत हॅरिमनला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा दिली, युद्ध जिंकलं, दोस्ती झाली म्हणून. राजदूताच्या घरी अभ्यासिकेत ती भिंतीवर लागली. आत ऐकायचं यंत्र होतं, थेरेमिन नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलेलं, ना बॅटरी ना तार, बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की तेवढ्यापुरतं जागं व्हायचं, म्हणून नेहमीच्या तपासणीत सापडायचंच नाही. सात वर्षं, 1952 पर्यंत, राजदूत बदलले पण मुद्रा भिंतीवरच. आजही कुठल्या देशाकडून विजेवर चालणारी भेट आली की ती आधी सुरक्षावाल्यांकडे जाते ते उगाच नाही.

जनावरांच्या भेटी मला स्वतःला आवडत नाहीत, पण एक अपवाद करते. महायुद्धात 1943 मध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले, उपाशी ठेवून, बॉम्बहल्ल्यात सुटले तर काय या भीतीने. युद्धानंतर तिथल्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली की आम्हाला हत्ती हवाय. 1949 मध्ये म्हैसूरची हत्तीण गेली, नाव इंदिरा, सोबत मुलांसाठी पत्र. ती 1983 पर्यंत जगली. जपान तेव्हा हरलेला, दुसऱ्यांच्या ताब्यातला देश होता, त्याच्याशी मोठमोठे करार व्हायच्या आधी हत्तीण पोचली होती.

याउलट पांडा. 1972 मध्ये निक्सनच्या भेटीनंतर चीनने दोन पांडे अमेरिकेला भेट दिले, अमेरिकेने बदल्यात कस्तुरी बैलांची जोडी दिली (तिची आठवण कोणी काढत नाही बिचारीची). पण 1980 च्या दशकापासून चीन पांडा देत नाही, भाड्याने देतो, जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, आणि पिल्लं झाली तरी ती चीनचीच. संबंध बिघडले तर करार संपला म्हणून परत बोलवा. हुशारी म्हणाल तर आहे, पण मी माझ्या वहीत याला भेट लिहिणार नाही, उसनवारीच्या रजिस्टरमध्ये टाकेन.

आता "आपल्या पैशाने कशाला" यावर माझं मत. वर सांगितलेल्या यादीतल्या बहुतेक वस्तू मोठ्या दौऱ्याच्या विमानाच्या इंधनापुढे किरकोळ आहेत. खर्च हा मुद्दा मला लहान वाटतो. स्वस्त पण विचार न केलेली भेट जास्त महाग पडते. 2009 मध्ये ब्रिटनच्या गॉर्डन ब्राउननी ओबामांना पेनस्टँड दिला, गुलामांचा व्यापार रोखणाऱ्या एका जुन्या जहाजाच्या लाकडाचा, अमेरिकेच्या पहिल्या काळ्या राष्ट्राध्यक्षासाठी याहून नेमकं काय असणार. समोरून आल्या पंचवीस सिनेमांच्या डीव्हीडी. त्या ब्रिटनच्या प्लेअरवर चालणार का यावरच पेपरवाल्यांनी आठवडा काढला.

लक्ष ठेवायचं असेल तर ते उलट्या दिशेने ठेवा, म्हणजे घेताना. 2025 मध्ये कतारने अमेरिकेला विमान दिलं, अंदाजे 40 कोटी डॉलरचं, ते संरक्षण खात्याने स्वीकारलं म्हणून कायद्यात बसवलं गेलं. एवढ्या आकाराच्या भेटीला तोशाखान्याचं कपाट पुरत नाही आणि "नाकारलं असतं तर पंचाईत झाली असती" हा रकानाही पुरत नाही. तिथे मी फ्रँकलिनच्या बाजूने आहे, संसदेपुढे ठेवा, सगळ्यांसमोर चर्चा होऊ दे, मग घ्या.

आणि ज्यांना हा विषय अभ्यासाला घ्यायचाय (प्रश्न विचारणारा परीक्षेची तयारी करतोय असं त्याच्या दुसऱ्या ओळीत होतं) त्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्याच्या याद्या आणि अमेरिकन राजपत्रातली यादी एकाच वर्षाच्या शेजारी ठेवून बघाव्यात, आपण काय दिलं ते त्यांच्या यादीत सापडतं आणि त्यांनी काय दिलं ते आपल्या. तारखेवरून तो दौरा कोणता ते काढायचं, दौऱ्यात कुठले करार झाले ते बघायचं. रविवारी वेळ असेल तर फतेहसिंह म्युझियममध्ये किंवा कमाटीबागेतल्या म्युझियममध्येही चक्कर मारा, आणि वस्तूखालच्या पाटीवर "भेट" असं नुसतं लिहिलेलं दिसलं तर काउंटरवर जाऊन विचारा, कोणी दिली, कधी, कशासाठी. उत्तर मिळेलच असं नाही, पण चारजणांनी विचारलं की आतमध्ये कोणीतरी जुनी वही शोधायला लागतं, हे मी आतल्या बाजूने सांगतेय.